एकट्याचा रकाना

आजही शेवटच्या रकान्यात एक झाकण पडलं होतं.

चेतनाबाई व्हरांड्यात उकिडव्या बसून त्या निळ्या झाकणाकडे बघत राहिल्या. फरशीवर खडूनं आखलेल्या आलेखातले बाकीचे दोन रकाने छान भरले होते. ‘घोळक्यात जेवलो’ सगळ्यांत उंच, त्याच्या खालोखाल ‘दोघं मिळून जेवलो’. आणि तिसऱ्या, ‘एकट्यानं जेवलो’च्या रकान्यात रोजच्यासारखं एकच.

जूनमध्ये त्या सोलापुरात आल्या आणि दुसरीचा हा वर्ग त्यांच्याकडे आला, तेव्हा पोरं अगदी वाटणी केल्यासारखी बसायची. तेलुगू बोलणारी खिडकीपाशी, उर्दू बोलणारी दाराजवळ, खेड्यांतून आलेली मागच्या भिंतीला. रागावून काही होईना. मग बाईंनी बाटल्यांची झाकणं गोळा केली आणि आलेखाचा खेळ काढला. आज डब्यात काय? ज्यानं त्यानं आपलं झाकण आपल्या रकान्यात ठेवायचं. भाकरीच्या रकान्यात खिडकीजवळचे निघाले, भिंतीजवळचेही निघाले. “तू पण भाकरी?” असं विचारत पोरं एकमेकांच्या डब्यांत डोकवायला लागली. दिवाळीपर्यंत वाटणी मोडली.

‘आज कुणाबरोबर जेवलात?’ हा नवा प्रश्न त्यानंतरचा. कुणाला लाज वाटू नये म्हणून बाईंनी रीत ठरवली. जेवण झालं की एकेकानं बाहेर जायचं, टोपलीतलं झाकण उचलायचं, ठेवायचं, परत यायचं. कुणी बघायचं नाही. बाई स्वतःही टेबलाशीच थांबायच्या. आपला डबाही त्या तिथंच खायच्या. शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलं तर वर्गावर लक्ष कोण ठेवणार? झाकणं मोजून बेरीज करणं त्यांनी मुद्दाम मागे ठेवलं होतं. पोरं रकान्यांची उंची बघायला शिकली तरी पुष्कळ.

त्यांची नजर ऋतुजावर होती. पोरगी दिवाळीनंतर जेऊरहून आलेली. मान खाली घालून जेवायची, बोलायची कमी आणि झाकण ठेवायला हमखास शेवटी जायची.

बाईंनी तिला जवळ बोलावलं. “ऋतुजा, तू एकटी जेवतेस का गं?”

“न्हाय बाई.”

“मला सांगितलंस तर मी कुणाला सांगणार नाही.”

“न्हाय बाई, खरंच.” ती पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

एवढ्याशा पोरीलाही ते कबूल करणं किती जड जातं, हे बाईंना कळलं. त्या रात्री सात रस्ता चौकाजवळच्या आपल्या भाड्याच्या खोलीत त्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऋतुजाच्या वडिलांना निरोप धाडला.

कुंडलिक नवी पेठेत कापडाच्या दुकानात कामाला होता. मालकाला सांगून तो तसाच धावत आला होता. बाईंनी सगळं हळू आवाजात सांगितलं.

“घरी तर कायच बोलली न्हाय,” तो म्हणाला. “शाळा कशी हाय म्हणलं, की बरी हाय म्हणती.”

“मुलं लपवतात हो.”

“व्हय. लपवती ती, आईवर गेलीया.” त्यानं कपाळावरचा घाम पुसला. “बाई, आमी दोघंबी कामाला. सांजच्याला घरी येतो. तिकडं जेऊरला तिची आज्जी हाय, चुलतभावंडं हायती. चांगल्या शाळंसाठी हितं आणलं तिला. पण पोरगी एकटी पडत असंल तर काय करायची शाळा?”

“एवढी घाई नको,” बाई म्हणाल्या. पण त्याला अडवणं त्यांच्या जिवावर आलं. एकटं पडल्यावर कसं वाटतं, ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी आणखी आठवडाभर वाट पाहिली. ऋतुजाची जागा बदलली, तिला मधल्या बाकावर बसवलं. झाकण काही हललं नाही.

शनिवारी सकाळी कुंडलिक दाखला घ्यायला आला. ऑफिसातलं काम आटोपून तो वर्गाच्या दारात उभा राहिला. ऋतुजा दप्तर भरत होती. भरलेलं परत काढत होती, परत भरत होती.

बाई तिच्याजवळ गेल्या. “तिकडं तुला एकटं वाटायचं नाही, बाळा.”

“मला हितंबी न्हाय वाटत,” ऋतुजा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तिच्या मागच्या बाकावरचा सिद्धू ताडकन उभा राहिला. “बाई, ती कशाला चाललीय? ती रोज आमच्यात जेवती की! शेंगाचटणी पण देती.”

“व्हय बाई, आमच्यात जेवती,” चहूकडून आवाज आले.

बाई गोंधळल्या. “मग त्या शेवटच्या रकान्यात झाकण कोण ठेवतं?”

“आमी सगळी,” सिद्धू म्हणाला. “पाळीनं. काल माझी पाळी हुती. आपलं ठेवून झालं की आणखी एक ठेवायचं.”

“आणखी एक? कुणाचं?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. दारात कुंडलिक हातातला दाखला तसाच धरून उभा होता.

ऋतुजानं बाहीनं डोळे पुसले. आपल्याहून लहान असलेल्या कुणाला समजावून सांगावं, तशी ती हळूच म्हणाली,

“तुमचं, बाई.”