घियासचं पहिलं मत

नागरिकत्व नाही म्हणून जर्मनीच्या निवडणुकीत निर्वासित घियासला मत नव्हतं, तरी पक्षाचा सदस्य म्हणून त्याने महिनाभर बर्फात पत्रकं वाटली. आता सरकार बनवण्यासाठी दुसऱ्या पक्षाशी केलेला आघाडीचा करार मान्य आहे का, असं पक्षाने सगळ्या सदस्यांना विचारलं आणि आयुष्यातली पहिली मतपत्रिका त्याच्या हातात आली. करारात एक अट होती: निर्वासितांनी बायकामुलं जर्मनीत आणणं दोन वर्षं बंद.

“अरे, विचार कसला करतोस?” शाखेची अध्यक्ष हाइके म्हणाली. “आघाडी फिसकटली, तर तुलाच हाकलणारे येऊन बसतील डोक्यावर!”

घियासने ‘हो’समोर फुली मारली.



करार मंजूर झाला त्या दिवशी बैरूतला अडकलेल्या बायकोचा फोन आला, “ऐकलंस? आणखी दोन वर्षं! ज्यांनी हो म्हटलं ना, हात झडोत त्या मेल्यांचे!”