चंद्राची नावड

सून सात महिन्यांची पोटुशी, आणि भिवंडीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हिच्या अंगात रक्तच नाही, पालेभाज्या-फळं पोटात गेली नाहीत तर दोन्ही जिवांना धोका आहे. दिघाशीच्या ठकुबाईच्या तोंडचं पाणी पळालं. कारण तिची ही सून, चंद्रा, नुसत्या भातावर आणि सुक्या बोंबलाच्या कालवणावर जगायची, ताटातली भाजी बाजूला सारून म्हणायची, "मला न्हाय आवडत."

ठकुबाईने परसात लाल माठ पेरला. भाकरीच्या पिठात मळून पाहिला, वरणात घोटून पाहिला. लूमवरची शिफ्ट संपवून येताना लेकाला पेरू-चिकू आणायला लावले. चंद्रा घासभर खाई आणि हात धुवून उठे. शेवटी ठकुबाईने दापोड्याहून विहिणीलाच बोलावून घेतलं.

"चंद्रा माठ खात न्हाय?" विहीण चकित झाली. "अवो, आमच्याकडं तर भावाच्या ताटातला पण ओढून खायची!"

ठकुबाई सुनेजवळ बसली. "मग आमच्याच घरात असं काय झालं गं, पोरी?"

चंद्राने मान वर केली नाही.

 

"नवीन आले तवा एकदा भाजी परत मागितली होती, आत्या. तुम्ही टोपावर झाकण ठेवलंत नि म्हणालात, बाप्ये जेवायचे हायत अजून. तवापासनं मला आवडतच न्हाय."