खांदा

पॅरिसच्या लाल मातीवर सामना ऐन रंगात आलेला असताना रविनाचा लाडका खेळाडू खांदा धरून खाली बसला आणि डाव अर्धवट सोडून निघून गेला. इकडे समुद्रकाठच्या वरोर गावात टीव्हीसमोर रविनाला रडू आवरेना. "तो बरा होईपर्यंत मी मासळीला हात लावणार नाय," ती म्हणाली. टेनिसमधलं काही न कळणारी तिची आई जमना म्हणाली, "मग मी पण नाय. कुणाचं तरी पोरगंच आहे ना ते!"

विम्बल्डन त्याच्याविना पार पडलं. शेजारी सुके बोंबील भाजले, की या दोघी दार लोटून घ्यायच्या आणि डाळभात जेवायच्या.

ऑगस्टमध्ये तो अमेरिकेत पुन्हा कोर्टवर उतरला आणि जिंकला. रविनाने आईला हाताला धरून टीव्हीसमोर आणलं. मुलाखतीत तो हसत हसत इंग्रजीत सांगत होता, "खांद्याला काहीच झालं नव्हतं. हरत होतो, कंटाळा आला होता, म्हणून सुट्टीवर गेलो."

जमनाने पडद्याकडे बघून हात जोडले. "काय म्हणतो गं? आता दुखत नाय ना?"



रविनाने टीव्ही बंद केला. "नाय आई, त्याला नाय दुखत."