घोडीचे रविवार

“मालकाला काय विचारता, बाई, जखमेला विचारा. ती खोटं बोलत नाही,” असं जनावरांच्या दवाखान्यातला म्हातारा मदतनीस एलेउतेरिओ म्हणाला, तेव्हा डॉक्टर नेलिदाने ते हसण्यावारी नेलं. समोर विल्मारची घोडी फाटल्या पाठीने उभी होती. “तारेत अडकली हो काल, दुसरं काही नाही,” विल्मार म्हणाला. त्याची बायको मिर्ता तान्ह्या बाळाला छातीशी धरून जमिनीकडे बघत राहिली. नेलिदाने टाके घातले आणि घोडी घरी पाठवली.

दुसऱ्याच आठवड्यात, गुरुवारी, घोडी मेली. कवटी काही दिवसांपूर्वीच फुटली होती. नेलिदाने तिच्या कातडीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चार दिवसांच्या जखमेत दाह अजून पेटलेला होता, अकरा दिवसांच्या जखमेत कोवळं कोलॅजन, नव्या कातडीचे धागे, धरलं होतं, अठरा दिवसांची जवळजवळ भरत आली होती.

एलेउतेरिओने कॅलेंडरवर बोट फिरवलं. “तिन्ही रविवार, बाई. विल्मार शर्यतीत पैसे हरून येतो ना.”

नेलिदाने फोन केला तर पोलीस हसले. “मेलेल्या घोडीची फिर्याद?”

आज रविवार आहे. शर्यती पाचला संपतात आणि विल्मारच्या तबेल्यात आता घोडी नाही. नेलिदा निघाली आहे, पण वाट तीन तासांची आहे. तुम्ही जवळपास असाल तर माटेच्या चहाची पत्ती उसनी मागायच्या निमित्ताने मिर्ताचं दार वाजवा, आणि बाळासकट तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय माघारी फिरू नका.