चवथी टेकडी

तिसरी टेकडी उतरल्या उतरल्या भुजली पुन्हा दगडावर बसली.

"टोंगळे दुखून राहिले," ती गुडघे चोळत म्हणाली. "गडाची टेकडी राहू दे आता. खालच्या गाडीवाटेनं हळूहळू घरी जाऊ."

"तीन चढल्या अन् चवथी काहून सोडाची?" केशरबाई म्हणाली. "परवा मंडईच्या जत्रेत रातभर दंडारीचा खेळ पाहत होती, तवा टोंगळे कोणाच्या घरी ठेवले होते?"

वच्छला तोंडातल्या वड्यासकट हसली. भुजली हसली नाही.

धान घरात आलं की या तिघी एक दिवस डोंगराच्या धारेनं चालत. मागच्या तीन टेकड्या करून शेवटी गडाच्या टेकडीवर यायचं. तिथून त्यांचं गाव, आंबागड, अगदी पायाखाली दिसतं. नव्या सुना होत्या तेव्हा सासवा सोडत नसत, म्हणून आवळ्याचं निमित्त करावं लागे. आता निमित्त लागत नव्हतं. आता सासू केशरबाईच होती.

भुजली हे काही तिचं नाव नव्हे. लग्न होऊन आल्या त्या वर्षी केशरबाईनं आणि तिनं टोपलीत गहू पेरले आणि त्याचे पिवळे कोंब एकमेकींच्या कानात खोवले. अशी भुजली बदलली की मैत्रीण जन्माची होते. मग एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, दोघींनीही भुजलीच म्हणायचं. नाव घेतलं की नातं मोडलं. केशरबाईनं ते असं पाळलं की एकदा यात्रेत दोघींची चुकामूक झाली, तरी ती भोंगेवाल्याला नाव सांगेना. "हिरवं लुगडं, नाक बसकं, बोलणं फार," एवढंच सांगत राहिली. तेवढ्यावर भुजली सापडली.

"वडे बरे केले तुह्या सुनेनं," वच्छला म्हणाली.

"तेल पेले हायेत नुसते," केशरबाई म्हणाली.

खरं तर लाखोरीच्या डाळीचे वडे छान झाले होते. पण सुनेचं कौतुक करून घर चालत नसतं. गावात सगळ्यांच्या घरी मधे भिंती उभ्या राहिल्या, चुली वेगळ्या झाल्या. केशरबाईच्या घरी चूल एकच होती, आणि तिच्या हुकमाशिवाय त्या चुलीवर चहा चढत नव्हता. आज सकाळी सुनेनं, कामिनीनं, डबा न सांगता बांधून दिला. वरून पायाही पडली. केशरबाई म्हणाली, "डोंगर चढाले चालली मी, काशीले नाही." कामिनीनं नुसता पदर सारखा केला.

गडाची टेकडी केशरबाई एकटीच पुढं होऊन चढली. मागून भुजली दोनदा "थांब वो" म्हणाली. ती थांबली नाही. पडक्या बुरुजापाशी पोचली, घाम पुसला आणि खाली पाहिलं.

तिच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता. ट्रॉलीत खाट उलटी टाकलेली होती. खाटेशेजारी कामिनीच्या माहेरचं हिरवं कपाट होतं. तिचा मुलगा चंद्रकुमार कपाटाला दोर आवळत होता. लाल लुगड्यातली कामिनी घरातून पाटा उचलून आणत होती.

ट्रॉली निळी होती. चाकांवर पिवळी फुलं काढलेली. गावात अशी ट्रॉली एकच. मागच्या दसऱ्याला केशरबाईनंच तिच्यापुढं नारळ फोडला होता, भुजलीच्या अंगणात.

भुजली धापा टाकत वर आली आणि तिच्या बाजूला उभी राहिली. खाली पाहायची तिला गरज पडली नाही.

"तुमसरले खोली पाह्यली त्यायनं," ती हळूच म्हणाली.

"कोणं पाहून देली?"

भुजली पदरानं घाम पुसत राहिली.

"मले सांगाचं होतं, भुजली."

"सांगतली असती, त जाऊ देली असती तुनं तिले?" भुजली म्हणाली. "रोज माह्या घरामांगं सांदवाडीत येऊन रडत होती वो पोरगी. जेवत नव्हती. मले भेव वाटे, एखांद्या दिवशी विहिरीत दिसन."

"अन् मी कोणाजवळ रडाचं?"

वच्छला आता कुठं वर पोचली होती. ती दोघींकडं पाहून पुन्हा दोन पायऱ्या खाली उतरली आणि डब्याचं झाकण लावत बसली.

खाली ट्रॅक्टर सुरू झाला. केशरबाईनं कमरेला पदर खोचला आणि छाती भरून श्वास घेतला. चंद्रकुमार लहान होता तेव्हा इथूनच हाक देऊन ती त्याला म्हशी सोडायला लावायची. तिची हाक अजूनही अंगणापर्यंत जात होती. आणि हाक ऐकून चंद्रकुमार थांबला असता. जन्मात त्याला तेवढंच नीट जमलं होतं.

भुजलीनं तिचं मनगट धरलं. "हाक नोको मारू. तुह्या पाया पडतो, भुजली. जाऊ दे त्यायले."

केशरबाईनं तिच्या हाताकडं पाहिलं. गोंदलेला, काळा, ओळखीचा हात. एकेक बोट सोडवून तिनं तो बाजूला केला. खाली निळी ट्रॉली अंगणातून निघाली, वळली आणि तळ्याच्या पाळीवरून तुमसरच्या रस्त्याला लागली. ती दिसेनाशी होईपर्यंत केशरबाईच्या तोंडून शब्द निघाला नाही.

मग तिनं कमरेचा पदर सोडला.

"चाल रेवता," ती म्हणाली. "उतरू."