अबोलीच पायजे

"अबोली सोडून काय बी घाल वेणीत, भाबी," कस्तुराबाई म्हणाली.

अमिनाचं लोणावळ्याच्या बाजारात फुलांचं दुकान होतं आणि लग्नाच्या फुलांत ती कुणाचं ऐकून घेत नसे. मोगरा हवाच, नवऱ्याचं मन घरात राहतं. झेंडू हवा, घर लेकरांनी भरतं. सोनचाफा वाळला तरी वास सोडत नाही, म्हणून तो म्हातारपणासाठी. अबोली मात्र ती स्वतःहून कधीच देत नसे. त्या फुलानं नवरा-बायकोत अबोला येतो, असं तिची आई सांगायची.

"पण नवऱ्याकडच्यांनीच मागितलीय ना?"

"व्हय. लग्नात तुमची काय हौस असंल तर सांगा, म्हणून नथू गाडीवानाला त्यांच्या गावाला, कान्ह्याला धाडलं. तर व्याही म्हनाले, बाकी काय नगं, आमाला अबोलीच पायजे."

कस्तुराबाईनं बाजूला पाहिलं. शेजारी तिची लेक सरू बसली होती. लहानपणी तापातून उठली ती वाचा हरवूनच. ऐकू सगळं यायचं, बोलणं मात्र हातांनी. आलेली स्थळं त्यावरूनच मोडत होती. म्हणून या खेपेला कस्तुराबाईनं काही सांगितलंच नव्हतं. व्याही अंबाजी आणि त्याचा मुलगा गेणू वलवणला घरी पोरगी बघायला आले, तेव्हा सगळी उत्तरं सरूच्या मामानंच दिली. पोरगी लाजते म्हणाला. गेणू तेवढा सरूच्या हातांकडे बघून हसला होता. ते हसू कस्तुराबाईला अजून टोचत होतं.

आता नवरीच्या डोक्यात अबोली आणि तोंडातून शब्द नाही म्हटल्यावर मांडवात कुणीतरी टवाळ बोलणारच, आणि मग सगळंच उघडं पडणार.

"अबोली मिळत नाही म्हणून कळव," अमिना म्हणाली. "पाप लागलं तर मला लागू दे."

नथू तेवढाच निरोप घेऊन गेला. अबोली मिळायची न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार धुक्यात बुडाला होता. रात्री वळीव पडून गेलेला. घाटातून विजेच्या नव्या गाडीचा भोंगा आला आणि धुक्यात विरून गेला. सरू मोगरा ओवत होती. कळ्या तिच्या मांडीवरच उमलत होत्या, आणि त्या वासानं अमिनाचेही डोळे जड झाले होते.

"गेणू आवडला का गं तुला?" कस्तुराबाईनं हळूच विचारलं.

सरूनं बोटं मिटली, फुलासारखी उघडली आणि छातीवर ठेवली. कस्तुराबाईला रडूच आलं. हे लग्न मोडलं तर पोरगी मनातून सावरणार नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

तेवढ्यात धुक्यातून अंबाजी आला. पागोटं सुटलेलं, पाय चिखलानं भरलेले.

"विहीणबाई, हात जोडतो. लगीन मोडू नगा."

"कोण मोडतंय?"

"तुमीच सांगावा धाडला की. अबोली मिळायची न्हाई म्हून."

"आवो, एका फुलापायी..."

"फुलाचं कोन बोलतंय?" अंबाजीनं सरूकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लेकराला मुकी म्हनाया जीभ रेटंना, म्हून अबोली म्हनलं."

कस्तुराबाई पुढं झाली. "तुमास्नी ठावं व्हतं?"

"बघाया आलतो तवाच. तिनं दारातनं तुमाला हातानं इचारलं, पाव्हन्यांस्नी पानी देऊ का. माज्या आदी गेनूनंच वळखलं."

"आन तरी बी तिलाच मागता?"

"गेनूची आई गेल्यापास्नं," अंबाजी म्हणाला, "आमच्या घरात हातानं बोलाया कुनी न्हाई."