पंच्याऐंशीनंतर अस्मी

"आपल्या टीमची सुरुवात कशी, तर एकदम कडक. आणि शेवट? खलास!" थर्मासमधला चहा कागदी कपांत ओतता ओतता हम्मादभाईंनी निकाल देऊन टाकला.

"हम्मादभाई, मी इथेच बसलेय," साधना म्हणाली.

"अरे ताई, तुमच्या अस्मीला मी काय बोललो? पोरगी गुणी आहे. लेकिन फॅक्ट आहे ना? पहिल्या चार मॅचेस जिंकल्या, मागच्या दोन शेवटच्या इनिंगला घालवल्या. राजनसाहेब, तुम्ही बोला."

राजनने नुसतं हसून मैदानाकडे पाहिलं. आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीजवळच्या त्या मैदानावर दर शनिवारी सकाळी घडीच्या खुर्च्या टाकून बसणाऱ्या मराठी आईबापांपैकी बेसबॉल लहानपणी कुणीच खेळलं नव्हतं. मतं मात्र सगळ्यांना होती, आणि तीही क्रिकेटची. सुरुवातीला राजनचा देवांश बॉल टाकायचा आणि समोरची पोरं एकामागून एक परत जायची. शेवटाला अस्मी यायची आणि तिचा हात बिचकायचा. चार बॉल बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर.

राजनच्या हातात काउंटर होता. बॉल पडला की अंगठ्याने खटका दाबायचा, एवढंच काम. बारा वर्षांच्या पोरांचे हात कायमचे दुखावू नयेत म्हणून लीगचा नियम होता: एका दिवसात एकाने पंच्याऐंशी बॉल, त्यापुढे एकही नाही. मोजायला सगळ्यांनी एकमताने राजनला निवडलं होतं. माणूस क्वालिटी इन्स्पेक्शनमधला, त्याची नजर चुकायची नाही.

शेवटची इनिंग सुरू झाली तेव्हा आपली टीम एकाच रनने पुढे होती आणि काउंटरवर देवांशचे सदुसष्ट होते.

"पंच्याऐंशीला अस्मी येणार," हम्मादभाई राजनच्या कानाशी पुटपुटले. "मग सोडा मॅचवर पाणी."

साधनाने ते ऐकलंच. तिने पर्सची चेन उगाच उघडली आणि लावली. "मागच्या वेळी हरलो तर दोन दिवस धड जेवली नाही हो," ती म्हणाली.

चहाचा कप घेताना राजनचा अंगठा खटक्यावरून सटकला आणि एक बॉल मोजायचा राहिला. हा खरोखरच चुकून. लगेच दाबता आला असता, पण त्याने दाबला नाही. नंतर जे राहिले ते चुकून राहिले नाहीत. यात अस्मीचंच भलं आहे, असं तो स्वतःला सांगत होता. तिकडे देवांश दर बॉलनंतर उजवा हात झटकत होता, आणि ते त्याच्या बापाला इतक्या लांबूनही दिसत होतं.

मग बाकावरची अस्मी एकदम उठली. तिने टोपी नीट केली, ग्लव्ह चढवला आणि राजनकडे पाहिलं. कोचनेही पाहिलं.

"काउंट, मिस्टर राजन?"

"सेव्हंटी-फोर, कोच."

आवाज इतका स्वच्छ निघाला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. अस्मी क्षणभर तशीच उभी राहिली, मग खाली बसली. ग्लव्ह मात्र तिने काढला नाही.

आणखी सहा बॉलनंतर मॅच संपली; त्यातलाही एक राजनने मोजला नाही. आपण जिंकलो. हम्मादभाईंनी राजनला मिठी मारली. "मबरूक, मुबारक! बघितलं? सुरुवात त्यानेच केली, शेवटपण त्यानेच केला!"

साधना डोळे पुसत जवळ आली. "बरं झालं, आज तिच्यावर वेळच आली नाही," ती म्हणाली. "माझी ड्यूटी आहे. अस्मीला सोडाल ना घरी?"

"सोडतो की," राजन म्हणाला. तिच्या डोळ्यांकडे त्याला बघवेना.

गाडीत दोन्ही मुलं मागे बसली. राजनने काउंटर पुढच्या दोन सीटांमधल्या खाचेत ठेवला आणि आरशात पाहिलं. देवांश डाव्या हाताने सीटबेल्ट ओढत होता आणि तो काही लागत नव्हता. उजवा हात त्याने मांडीवर जपून ठेवला होता. अस्मीने काही न विचारता वाकून त्याचा बेल्ट लावून दिला.

"दुखतंय का रे?" राजनने विचारलं.

"आयॅम फाइन, बाबा."

पहिला सिग्नल गेला. दुसऱ्यावर गाडी थांबली.

"राजन अंकल," अस्मी म्हणाली, "आय वॉज ऑल्सो काउंटिंग. फ्रॉम द बेंच. माझी टर्न कधी येते बघायला. आय गॉट नाइन्टी-वन."

राजनने स्टिअरिंग घट्ट धरलं. आत्ता सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. अगदी ओठांवर आलं.

"सॉरी हं," अस्मी आपलीच म्हणाली. "आय मस्ट हॅव काउंटेड राँग. मी उगाच उठले."

"होतं असं," राजन म्हणाला. "सवय लागते त्याला."

सिग्नल हिरवा झाला. मागून देवांशचा डावा हात पुढे आला आणि त्याने खाचेतला काउंटर उचलला. त्यावर एकोणऐंशी होते.

खट्. खट्. खट्.

राजनला ऐकायचं नव्हतं, पण इतक्या महिन्यांची सवय. कान आपोआप मोजत राहिले. बारा झाले आणि आवाज थांबला. त्याने आरशात पाहिलं. देवांशने काउंटर अस्मीच्या तळहातावर ठेवला होता, आणि अस्मी त्यावरचा आकडा वाचत होती.